परीक्षक बाईंनी कुणाकडे जावं

समुपदेशकांना मान्यता देण्याच्या कामात मी बरीच वर्षं होते. हे काम नेमकं काय, ते सांगताना मी नेहमी अडखळायची. रायपूरमध्ये तेव्हा समुपदेशक म्हणजे कोण हेच लोकांना धड माहीत नव्हतं, तर त्यांना तपासणारी बाई कुठून कळणार? माझ्या नणंदेने एकदा सगळ्यांसमोर त्याचा सोपा अर्थ लावून टाकला. "म्हणजे वहिनी, तुम्ही पागलांच्या डॉक्टरांच्या मास्तरीण." मी म्हटलं, "असंच समजा."

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि भोपाळहून दफ्तरं आली, त्यांच्यामागे माणसं आली. दवाखाने वाढले, मोठ्या फीच्या शाळा निघाल्या. तेलीबांध्याच्या बाजूला नव्या इमारतींवर दंतवैद्यांच्या पाट्यांशेजारी समुपदेशकांच्या पाट्या दिसू लागल्या. पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. चार दिवसांचं शिबिर करून आलेला माणूसही पाटी लावायचा आणि आयुष्यभर शिकलेलाही. म्हणून या क्षेत्रातल्या काही जाणत्या लोकांच्या संस्थेने ठरवलं, की ज्याला आमची मान्यता हवी त्याने आधी एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करावं, आपण हाताळलेल्या माणसांबद्दल नावं बदलून सविस्तर लिहावं, आणि मग आमचा परीक्षक येऊन त्याला प्रत्यक्ष काम करताना पाहील. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, स्वतः समुपदेशनही केलं होतं. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.

पाहणं हाच माझ्या कामाचा मुख्य भाग. रेकॉर्डिंगला लोक तयार होत नसत. आपला आवाज कुठे जाईल याची भीती वाटायची, आणि ती बरोबरच होती. मग आलेल्या माणसाची परवानगी घेऊन मी खोलीच्या कोपऱ्यात बसायची. खुर्ची त्या माणसाच्या पाठीमागे ठेवायची, म्हणजे बोलताना त्याला माझा चेहरा दिसू नये. तासभर हलायचं नाही, मान डोलवायची नाही, खोकलासुद्धा गिळायचा. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसायचं, पण ते ऐकायला नाही. ते कसं ऐकलं जातंय, हे पाहायला. हा फरक मला वर्षानुवर्षं सोपा वाटत आला.

नियम कडक होते. उमेदवाराशी घरोबा नको, त्याच्याकडे जेवण नको, भेटवस्तू तर नकोच. दिल्ली-मुंबईत हे सोपं असेल. रायपूरमध्ये, त्यातही मराठी लोकांत, सगळे सगळ्यांना ओळखतात. एका संक्रांतीला मी शेजारच्या हळदीकुंकवाला गेले. दाराजवळ एक बाई हसत-हसत काही सांगत होती, सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. ती नव्यानेच मान्यतेसाठी अर्ज केलेली समुपदेशक होती. मला पाहिलं आणि तिचं बोलणं मध्येच थांबलं. पदर सावरून ती सरळ बसली. मग मला तिळगूळ देताना इतक्या अदबीने वाकली, की बाकीच्या बायकाही गप्प झाल्या. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि काहीतरी निमित्त काढून घरी आले. पुढे मी अशा ठिकाणी जाणंच कमी केलं. आपण गेलो की कुणीतरी अवघडतं, मग कशाला जायचं?

त्याचं मला फारसं काही वाटत नसे, कारण घरी नवरा होता. ते सिंचन खात्यात होते. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत छत्तीसगढी 'हव' इतकं मुरलेलं होतं, की 'हो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. मी अकोल्याची. लग्नानंतर पहिल्यांदा 'हव' ऐकलं तेव्हा हसून पुरेवाट झाली होती. मी कामावरून आले की ते विचारायचे, "आजचा पास का नापास?" मी म्हणायची, "सांगता येत नाही." "हव," म्हणायचे आणि पेपरचं आतलं पान माझ्याकडे सरकवायचे. एवढंच आमचं बोलणं. पण ते मराठीत होतं, आणि रोज होतं.

एका दिवाळीच्या आधी ते गेले. आजारपण फार लांबलं नाही. मुलगा बंगळूरहून आला, सगळं नीट केलं त्याने. लहानपणापासून तो मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. आजीशीही तसाच बोलायचा. जाताना म्हणाला, "मम्मी, आप हमारे साथ चलो ना." मी म्हटलं, "बघू." तो समजला की मी येणार नाही. गाडी निघाल्यावर मी दार लावलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता या घरात मराठी बोलायचं कुणाशी? भाजीवाल्याशी हिंदी, कामवालीशी छत्तीसगढी मिसळलेली हिंदी, मुलाशी फोनवर तीच. दिवसचे दिवस माझ्या तोंडून मराठी वाक्य निघत नसे. एकदा गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, गेलं की!" आणि आपलाच आवाज ऐकून दचकले.

झोप उडाली. जेवणाची चव गेली. वाचायला बसलं तर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. ही लक्षणं मी कॉलेजात मुलांना फळ्यावर लिहून दिली होती. अशा वेळी माणसाने समुपदेशकाकडे जावं हेही मीच सांगत आले होते. प्रश्न एवढाच होता, की कुणाकडे? शहरात ज्यांच्याकडे जावं असे जे थोडे लोक होते, ते एकतर माझ्या हाताखालून गेलेले होते, नाहीतर माझ्याकडे यायचे होते.

शेवटी एकाला फोन केला. त्याला मान्यता देऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. चांगला तरुण होता, मनापासून काम करायचा. फोनवर तो आधी घाबरलाच. "मॅडम, आप? दोबारा मूल्यांकन है क्या?"

"नहीं. मेरे अपने लिए आना है."

मग म्हणाला, "जी, बिलकुल मॅडम. जब आप कहें."

त्याची खोली तेलीबांध्याला तळ्याच्या बाजूला, नव्या इमारतीत होती. खिडकीतून पाणी दिसायचं. त्याने माझ्यासाठी एसी आधीच लावून ठेवला होता. मी बसले, बोलायला लागले. त्याने सगळं बरोबर केलं. योग्य जागी मान हलवली. माझं वाक्य आपल्या शब्दांत परत मला सांगितलं. घाईने सल्ला दिला नाही. प्रत्येक वेळी तो काय करतोय त्याचं पुस्तकातलं नाव माझ्या डोक्यात वाजत होतं, आणि त्याच्याही डोक्यात वाजत असणार, कारण बोलून झालं की तो किंचित माझ्या चेहऱ्याकडे पाहायचा. मी नवऱ्याबद्दल सांगत होते आणि तो परीक्षा देत होता. वेळ संपली. मी उठले तेव्हा तोही उठला, आणि दार उघडता उघडता त्याच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ठीक था ना?"

मी म्हटलं, "बहुत अच्छा था." दुसरं काय म्हणणार?

खाली उतरून तळ्याकाठच्या बाकावर बसले. संध्याकाळची गर्दी होती, लोक मुलाबाळांना घेऊन आले होते, भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. त्या तरुणाचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. मी पुन्हा त्याच्याकडे गेले नाही. त्यानेही फोन केला नाही. बहुतेक त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल.

काम मात्र मी सोडलं नव्हतं. कामामुळे निदान अंघोळ करून, नीट साडी नेसून बाहेर पडणं होत होतं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला संस्थेकडून एका नव्या उमेदवाराचं काम आलं. गुढियारीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात एक बाई समुपदेशन करत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, माहेर-सासर दोन्ही रेल्वेतलं, मूळचे वर्ध्याकडचे लोक. त्यांच्याकडे येणाऱ्यांत रेल्वेतून निवृत्त झालेली बरीच मराठी माणसं होती, आणि त्यांच्याशी त्या मराठीतच बोलत. मराठीतलं सत्र मी इतक्या वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

गुढियारी म्हणजे घाऊक बाजार, ऑटो आत जाईना. ट्रकमधून पोती उतरत होती, सगळीकडे मिरचीची धूळ, मी शिंकत शिंकतच पोचले. दवाखान्याची मागची खोली त्यांना दिलेली होती. एक टेबल, काही खुर्च्या, आणि खिडकीच्या पलीकडे मालगाड्यांचे रूळ. त्या दिवशी आलेले गृहस्थ सत्तरीचे होते. मी बसले तर चालेल का असं विचारल्यावर म्हणाले, "बसा ना. तुमाले ऐकून काई फायदा होत असन तर बसा."

ते काय बोलले ते मी इथे सांगणार नाही, तो माझा हक्क नाही. त्यांची बायको गेली होती, एवढं पुरे. मी सांगू शकते ते त्या बाईंबद्दल. त्यांनी पुस्तकातलं फार काही केलं नाही. मालगाडी आली की खोलीतली खिडकी थरथरायची, बोललेलं काही ऐकू यायचं नाही. मग बाई नुसता हात वर करायच्या. "गाडी जाऊ द्या, मंग सांगा." गाडी लांबच लांब. दोघं शांत बसून राहायचे. आणि गाडी गेल्यावर ते गृहस्थ आधीचं वाक्य पुरं करायचे नाहीत. दुसरंच, खोलातलं काही तरी बोलायचे. ते पाहून बाई घाई करायच्या नाहीत. गाडी गेली तरी आणखी थोड्या थांबायच्या.

एका अशाच गाडीनंतर त्यांनी विचारलं, "आता घरात आवाज कोणाचा येते?"

गृहस्थ विचार करून म्हणाले, "कुकरचा."

हे एक उत्तर मी सांगते आहे, कारण पुढे बाईंकरवी मी त्यांना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, "सांगा, त्यात काय!" तर 'कुकरचा' म्हणून ते स्वतःच हसले. बाईही हसल्या. मलाही हसू आलं, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुमाल पर्समध्ये होता, आणि पर्सची चेन उघडली तर आवाज झाला असता. मी पदर तोंडावर धरला आणि तशीच बसून राहिले. सत्राचा पुढचा भाग मी पाहिलाच नाही. बाईंनी काय विचारलं, कसं संपवलं, काही म्हणजे काही आठवत नाही. मला फक्त ती मराठी ऐकू येत होती, आणि त्या खुर्चीवर त्या गृहस्थांच्या जागी मी बसावं असं वाटत होतं.

नंतर बाईंची मुलाखत घ्यायची असते. मी तब्येतीचं कारण सांगितलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या प्रमुखांना फोन केला.

"इस उम्मीदवार का मूल्यांकन मैं नहीं कर पाऊँगी."

"जान-पहचान निकल आई?"

"नहीं."

"फिर?"

"मुझे रोना आ गया था."

ते सज्जन होते. जास्त विचारलं नाही. "किसी और को भेज देते हैं," म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आप अपना ख़याल रखिए." मी 'जी' म्हणून फोन ठेवला.

मला मोकळं वाटायला हवं होतं, कारण मनात एक बेत शिजत होता. दुसऱ्या कुणी त्यांना मान्यता दिली की माझा त्यांच्यावर काही अधिकार राहणार नाही, आणि मग मी त्यांच्याकडे जाऊ शकेन. पण दोन-चार दिवसांतच त्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"मॅडम, तुम्ही माझं काम काहून सोडलं? माझ्याकडून काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं काही चुकलं नाही."

"मंग?"

खरं सांगितलं असतं तर मूल्यांकन चालू असताना त्यांच्यावर भार पडला असता. म्हणून मी म्हटलं, "माझी अडचण होती. तुम्ही मनात काही आणू नका." त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं. तो सगळा उन्हाळा मी वाट पाहण्यात काढला. दुसरे परीक्षक जबलपूरहून आले, त्यांनी आपलं काम केलं, आणि यथावकाश बाईंना मान्यता मिळाली. मला ते संस्थेच्या पत्रकातून कळलं.

मी पुन्हा गुढियारीत गेले. या वेळी आधी फोन करून. बाईंनी दवाखान्याच्या माणसाला चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली. मी अभिनंदन केलं, आणि मग सांगितलं मी का आले आहे ते. नवरा गेल्याचं, घरातल्या शांततेचं, त्या दिवशी काम का सोडलं त्याचं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी ते मराठीत बोलत होते.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही रडल्या होत्या ना त्या दिवशी? मले दिसलं होतं."

"मग तुम्ही तेव्हा काहीच म्हटलं नाही."

"माझ्यासमोर ते बसले होते ना, मॅडम. तुम्ही माझ्या नव्हत्या."

हे ऐकून मला वाटलं, आपण बरोबर ठिकाणी आलो. मी विचारलं, "आणि आता?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. बाहेर तेव्हा एकही गाडी नव्हती.

"मले जमणार नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "राग नका मानू. तुम्ही समोर बसल्या की मी शब्द तोलून-तोलून बोलीन. तुम्ही कितीही म्हटलं, मी आता परीक्षक नाही, तरी माझी छाती धडधड करन. आणि मंग मी तुमचं ऐकीन का माझं सांभाळीन? तुमाले तशी बाई पाहिजे का?"

उत्तर इतकं बरोबर होतं, की पास-नापास करायचं असतं तर मी तिथेच पास केलं असतं. पण मी त्यासाठी गेले नव्हते. मी पर्स उचलली.

"थांबा ना," त्या म्हणाल्या. "नागपूरले एक आहेत. तुमच्या-माझ्या संस्थेचे नाहीत, कोनाच्याच नाहीत. डॉक्टरच आहेत, पण बोलतात चांगलं. माझे मिस्टर गेले तेव्हा मी जात होती त्यांच्याकडे."

त्यांचेही गेले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या अर्जातलं शिक्षण, अनुभव, सगळं मी वाचलं होतं. हे त्यात असायचं कारण नव्हतं. मी विचारलं, "किती दिवस झाले?" त्यांनी मान हलवली. ते त्यांना सांगायचं नव्हतं. आणि मलाही विचारायचा अधिकार नव्हता. पत्ता घेऊन मी निघाले.

नागपूरला जायचं म्हणजे सकाळची गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा डोंगरगड येईपर्यंत तीनदा मनात आलं की उतरून परतीची गाडी धरावी. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे निघाले. खोलीत जुन्या मासिकांचा ढीग, पंखा खडखड करणारा. सुरुवातीलाच त्यांनी एका दमात दोन प्रश्न विचारले. आम्ही उमेदवारांना सांगतो, एका वेळी एकच विचारा. मी मनात खूण केली. मग त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं. दुसरी खूण. तिसरी खूण व्हायच्या आत मलाच लाज वाटली, आणि मी सांगून टाकलं की माझं कामच हे आहे, मी समुपदेशक तपासते, आणि आत्ताही तेच करते आहे.

ते मोठ्याने हसले. "म्हणजे आज माझं काही खरं नाही." मग खुर्चीत मागे रेलले. "बरं, तुमचं तपासून होऊ द्या. झालं की सांगा. मी बसलोच आहे."

आणि खरंच बसून राहिले. पंखा खडखडत होता. जे पहिलं मनात आलं ते मी बोलले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याला वांगं आवडत नव्हतं. चाळीस वर्षं आमच्या घरात वांग्याची भाजी झाली नाही. मला फार आवडतं. आता मी रोज करू शकते." पुढचं वाक्य मला लगेच बोलता आलं नाही. ते थांबले. मग मी म्हटलं, "एकदाही केली नाही." त्यानंतर मी किती वेळ रडले ते माहीत नाही. त्यांनी मध्ये काहीच केलं नाही. त्यांनी काही करायला हवं होतं की नव्हतं, हे मी त्या दिवशी तपासलं नाही.

तो सगळा हिवाळा मी जात राहिले, आणि पुढे थोडा उन्हाळाही. झोप परत आली. जेवणाला चव आली. घर तेवढंच शांत राहिलं, पण त्या शांततेत मला बसता येऊ लागलं. परीक्षकाचं काम आणखी काही वर्षं केलं, मग गुडघे जिने चढू देईनात, तेव्हा सोडलं.

गुढियारीच्या बाई मला अधूनमधून सदर बाजारात दिसतात. दोघी कापड एकाच दुकानातून घेतो. मागच्या वेळी त्या सुनेसाठी साडी पाहत होत्या. मला पाहून उठल्या.

"बऱ्या आहात ना, मॅडम?"

"बरी आहे. तुम्ही?"

"चालून राहिलं. हा रंग कसा वाटते? सांगा बरं."

मी म्हटलं, छान आहे, पण थोडा गडद आहे. त्यांनी दुकानदाराला लगेच दुसरी काढायला लावली. माझं म्हणणं त्यांनी जरा जास्तच पटकन मानलं. त्यांना घरी चहाला बोलवावं असं तेव्हाही माझ्या मनात आलं. पण त्या आल्या असत्या तर खुर्चीच्या टोकावर बसल्या असत्या. मी माझं सामान घेतलं, त्यांना 'येते' म्हटलं, आणि गर्दीतून वाट काढत ऑटोच्या थांब्यापर्यंत चालत गेले.